मेलेला मासा मोजता, आजारी मासा कोण मोजणार?

नदीत किंवा तलावात मासे मरून तरंगले की बातमी होते. दोन दिवस वास सुटतो, तिसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन पंचनामा करतो, पाण्याची बाटली भरून नेतो, आणि पुढे 'पाण्यातला ऑक्सिजन कमी पडला' एवढे एक वाक्य गावाच्या कानावर येते. तोवर मेलेले मासे खड्ड्यात गेलेले असतात आणि वाचलेले मासे बाजारात. मला या वाचलेल्या माशांबद्दल बोलायचे आहे. जे मेले नाहीत, टोपलीत उड्या मारत होते, म्हणून आपण घासाघीस करून घेतले आणि रश्श्यात टाकले, त्यांच्या अंगात त्या वेळी काय चालले होते?

आंधळगाव हे मोहाडी तालुक्यातले कोशाचे कापड विणणारे गाव. भोवती धानाची बांधी, मध्ये बोड्या, तलाव, नाले, आणि सगळे पाणी शेवटी वैनगंगेकडे जाणारे. आपल्या वस्त्यांत आठवड्यातून एकदा तरी मासोळीचा वास येतो. मटण परवडत नाही, डाळीचा भाव कधी कुठे जाईल सांगता येत नाही, पण पावभर बारीक मासोळी किंवा मूठभर सुकट घरात येतेच. काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासोळीतून कॅल्शियम मिळते, अ जीवनसत्त्व मिळते, आणि बी-१२ तर भाजीपाल्यात नसतेच. गरोदर बाईच्या आणि वाढत्या पोराच्या ताटातला हा सगळ्यात स्वस्त चांगला घास आहे. म्हणून आधीच सांगते, मासे सोडा असे सांगायला मी बसलेली नाही. उलट तो घास हातचा जाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

माशाच्या अंगात जे होते त्याला शास्त्रात 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली आहे. सुकट पावसाळ्यात उघडी राहिली की तिला खवट वास येतो. फोडणीचे तेल महिनोन्महिने पडून राहिले तरी तोच वास. चरबीला हवेतला प्राणवायू लागत गेला आणि ती बिघडली, म्हणजे खवट झाली. हीच बिघाडाची क्रिया जिवंत माशाच्या पेशींत सुरू झाली तर तिचा वास आपल्याला येत नाही, पण नुकसान त्याच जातीचे असते.

जिवंत शरीरात ती सुरू का व्हावी? पेशी अन्न जाळून ताकद मिळवतात आणि त्यासाठी प्राणवायू वापरतात. चुलीतून जशी एखादी ठिणगी बाहेर उडते, तसे या जळण्यातून प्राणवायूचे काही चवताळलेले कण सुटतात. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल ही त्यांची नावे. ते समोर येईल त्याला चावतात: पेशीच्या पडद्यातली चरबी, प्रथिने, अगदी आनुवंशिक धागासुद्धा. निसर्गाने या ठिणग्या विझवण्याची सोयही केलेली आहे. सुपरऑक्साइड डिसम्युटेझ, कॅटालेझ यांसारखी विकरे आणि ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू हे काम रात्रंदिवस करतात. क आणि ई जीवनसत्त्वे हाताखाली असतात. दवाखान्यात जखम धुताना पूर्वी एक औषध ओतत आणि पांढरा फेस यायचा, आठवते? ते हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्या रक्तातले कॅटालेझ त्याचे पाणी आणि प्राणवायू करून टाकते, त्याचा तो फेस. माशाच्या काळजात हेच कॅटालेझ असते आणि अगदी हेच काम करते.

ठिणग्या थोड्या आणि विझवणारे पुरेसे, तोवर मासा ठणठणीत. पाण्यात घाण आली की ठिणग्या वाढतात. लोह, तांबे यांसारखे धातू हायड्रोजन पेरॉक्साइडमधून हायड्रॉक्सिल तयार करतात, आणि त्याच्याइतका चावरा कण दुसरा नाही. शिसे, कॅडमियम, पारा हे विझवणाऱ्या ग्लुटाथायोनलाच पकडून ठेवतात. कीटकनाशके काळजाला विष मोडण्याच्या कामाला जुंपतात आणि त्या कामातूनही नव्या ठिणग्या उडतात. सांडपाण्यातला अमोनिया कल्ले जाळतो. पाण्यातला प्राणवायू रात्री तळाला जाऊन दिवसा पुन्हा वर आला, तर त्या चढउतारानेही पेशींची अशीच होरपळ होते.

माशाला हे आपल्यापेक्षा जास्त सोसावे लागते. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्या एका लिटरमध्ये अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या पाण्यात, तेही स्वच्छ पाण्यात, लिटरमागे सात-आठ मिलिग्रॅम. तेवढ्यावर जगायचे तर कल्ल्यांवरून सतत भरपूर पाणी फिरवावे लागते, आणि कल्ल्याची कातडी तर कागदाहून पातळ. पाण्यात जे काही विरघळले आहे ते थेट रक्ताच्या दारात. दुसरे असे की मासा थंड रक्ताचा प्राणी. थंडीत त्याच्या पेशी आखडू नयेत म्हणून त्याच्या पडद्यांत पातळ, न गोठणारी चरबी असते. डॉक्टर ज्या चरबीसाठी हृदयरोग्याला मासे खायला सांगतात तीच ही. आणि खवट व्हायला सगळ्यात आधी तीच तयार.

घरात मोठे आजारपण आले की काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आधी गाठीचा पैसा निघतो, मग उसनवारी, मग डोरले गहाण. माशाचेही तसेच. घाणेरड्या पाण्यात पहिले काही दिवस त्याची विझवणारी विकरे वाढतात, तो नेटाने लढतो. घाण तशीच राहिली तर विकरे खाली येतात, ग्लुटाथायोन संपते, आणि चरबी बिघडल्याची खूण असलेला मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचा पदार्थ काळजात, कल्ल्यांत साचू लागतो. प्रयोगशाळेत हे सगळे मोजता येते. भारतातल्या कितीतरी महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत मरळीच्या जातीचे मासे कीटकनाशकाच्या किंवा धातूच्या अशा मात्रेत ठेवतात, की ते मरणार नाहीत. मग काळीज आणि कल्ले तपासतात. मासा वरून धडधाकट दिसत असतानाच आत बिघाड सुरू झालेला असतो, हेच पुन्हा पुन्हा दिसते.

माझे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे. मेलेला मासा ही शेवटची खबर आहे. त्याच्या कितीतरी आधी त्याच्या काळजात नोंद झालेली असते, आणि ती वाचायची साधने आपल्या विद्यापीठांत आहेत. तरी सरकारी कारभार पंचनाम्यापासून सुरू होतो आणि बाटलीपाशी संपतो. बाटलीत त्या क्षणाचे पाणी असते. काल रात्री नाल्यातून काय वाहून गेले, हे बाटलीला ठाऊक नसते, माशाला असते.

आता आपल्या पाण्याकडे येऊ. दोन ठिकाणांहून घाण येते, एक दूरची आणि एक अगदी बांधावरची.

दूरची घाण नागपूरची. नाग नदीच्या नावावरून शहराचे नाव पडले म्हणतात. त्या नदीत आज शहराचे सांडपाणी वाहते. नाग पुढे कन्हानला मिळते, कन्हान भंडाऱ्याच्या खालच्या अंगाला वैनगंगेला मिळते, आणि वैनगंगा गोसीखुर्दच्या धरणात अडते. २२ एप्रिल १९८८ ला त्या धरणाची कोनशिला बसली. वाहते पाणी निदान पुढे तरी जात होते. आता ते साठून राहते, फुगवटा भंडारा शहरापर्यंत येतो, आणि शहराच्या नळाला वास येतो म्हणून लोक वर्षानुवर्षे निवेदने देत आले आहेत. साठलेल्या पाण्यावर इकॉर्नियाचा हिरवा गालिचा पसरतो. वरून देखणा, खाली अंधार. ऊन पोचत नाही म्हणून पाण्यातली शेवाळे प्राणवायू करत नाहीत, आणि कुजणारी पाने आहे तोही खातात. नाग नदी स्वच्छ करण्याच्या प्रकल्पाला केंद्राने २०२१ मध्ये मंजुरी दिली, रक्कम दोन हजार कोटींच्या घरातली. पैसा मंजूर झाल्याने पाणी स्वच्छ होत नाही, हे वेगळे सांगायला नको.

जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राख कोलार, कन्हान नद्यांच्या पाण्यात गेली. तेव्हा बातम्या आल्या नळ बंद पडल्याच्या आणि पिकांच्या. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम असे धातू थोड्या प्रमाणात असतात. गाळ झालेली राख तळाशी बसते आणि तळाशीच चरणारे मासे तिथे तोंड घालतात. त्या माशांचे काळीज कुणी तपासायला हवे होते की नाही?

कुणी म्हणेल, आंधळगाव वर आहे, नागेचे पाणी उलटे चढून मोहाडीत येत नाही. खरे आहे. पण पावसाळ्यात मासे चढणीला लागतात, आणि बाजाराच्या टोपलीला तर नदीची दिशा लागतच नाही. टोपलीतला रोहू बोडीतला की धरणातला, हे ना विकणारा सांगतो, ना आपण विचारतो.

याच जिल्ह्यात तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या जुन्या खाणी आहेत. मँगनीज शरीराला लागते, पण कणभर. प्रमाणाबाहेर गेले तर माशाच्या आणि माणसाच्याही पेशींत तीच होरपळ करते, आणि माणसात त्याचा राग मेंदूवर निघतो. म्हणूनच पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅम मँगनीज चालेल, आणि दुसरे पाणीच नसेल तर जास्तीत जास्त ०.३, असे भारतीय मानक सांगते. खाणीलगतच्या नाल्यात आणि तिथल्या माशात ते किती, याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायला हवा. पावसाचे आकडे लागतात तसा.

आता बांधावरची गोष्ट. ही कठीण, कारण यात आपलेही हात आहेत.

धानावर तुडतुडा आला, खोडकिडा आला की फवारणी सुरू होते. पंप पाठीवर असतो आपल्या पोरांच्या. संध्याकाळी तो धुतला जातो बोडीच्या काठावर, कारण पाणी तिथे आहे. सायपरमेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ही औषधे माशांसाठी इतकी जहाल आहेत की एका लिटर पाण्यात ग्रॅमचे काही दशलक्षांश भाग पुरतात. दुकानदार सांगतो, डब्यावर लाल त्रिकोण नाही, घाबरू नका. तो त्रिकोण कशावरून ठरतो? लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग उंदरांवरच्या चाचणीतून ठरतात, म्हणजे माणसाला किती धोका याचा अंदाज म्हणून. माशाला किती धोका हे त्या रंगात नाही. पिवळ्या किंवा निळ्या त्रिकोणाच्या डब्याचे धुतलेले पाणी बोडीतल्या बारीक मासोळीचा निकाल लावू शकते.

आणि माणसाला धोका नाही असेही नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. मरणाऱ्यांची मोजदाद झाली. त्याच हंगामात ज्यांना मळमळ झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि जे दोन दिवस खाटेवर पडून पुन्हा कामाला गेले, त्यांची मोजदाद कुणी केली? पाहा, माणसाच्या बाबतीतही आपण तेच करतो. मेला तर आकडा, जगला तर नाही.

डोहात औषध टाकून मासे पकडण्याचे प्रकार तर गावोगाव चालतात. पाच मिनिटांत टोपली भरते. त्यात डोहातली पिल्ले, बेडूक, झिंगे, सगळे जाते, पुढच्या दोन वर्षांची मासोळी जाते, आणि जे औषध टाकले तेच ताटात येते. यावर गंमत म्हणून हसणारे लोक मी पाहिले आहेत. मला यात गंमत दिसत नाही. तलावाचा ठेका घेऊन बीज सोडणाऱ्या ढिवर बांधवांच्या पोटावर हा पाय आहे, आणि आपल्या लेकरांच्याही.

"काही होत नाही जी, वाघूर तर उडत होता टोपलीत." हे वाक्य दर बाजाराला ऐकू येते. वाघूर, मरळ, शिंगी हे मासे पाण्यावर येऊन हवाही घेतात. प्राणवायू संपलेल्या, वास मारणाऱ्या डबक्यातही ते तग धरतात. म्हणजे रोहू जिथे मरेल, तिथे वाघूर जिवंत सापडेल. त्याचे उडणे हे पाणी चांगले असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. ज्या पाण्यात फक्त हवा घेणारे मासेच उरले आहेत आणि बाकीच्या जाती दिसेनाशा झाल्या आहेत, त्या पाण्याबद्दल शंका घ्यायला यंत्र लागत नाही. बाजारात मिळणाऱ्या थाई मांगूरवर तर २००० सालापासून देशात बंदी आहे. कत्तलखान्याची घाण टाकून गटारासारख्या डबक्यांत तो वाढवतात. आपल्या गावरान वाघुराचे नाव त्याला लावून विकतात, तेवढे ओळखायला शिका.

खाणाऱ्याला किती भीती, हे नीट वेगळे करून सांगायला हवे, नाहीतर घाबरून लोक मासेच टाकून देतील. माशाच्या अंगातली होरपळ आपल्याला लागत नाही. तो काही संसर्ग नव्हे. भीती आहे ती होरपळ ज्याने झाली त्याची: धातूची, कीटकनाशकाची. बहुतेक धातू माशाच्या काळजात, मूत्रपिंडात आणि कल्ल्यांत जास्त साचतात, मांसात कमी. म्हणून शंका असलेल्या पाण्यातल्या मोठ्या माशाचे पोट पूर्ण साफ करा, कल्ले काढा, काळीज आवडीने भाजून खाऊ नका. पारा मात्र मांसातच बसतो, धुऊन जात नाही, शिजवून जात नाही. तो मोठ्या, शिकारी, म्हाताऱ्या माशात जास्त असतो. गरोदर बाईला आणि लहान मुलाला लहान मासोळी द्या, मोठ्या पाडीनचा तुकडा नको. कल्ले उघडून पाहण्याची आपली जुनी सवय चांगलीच आहे. लाल असतील तर मासा ताजा. मळकट तपकिरी असतील तर बहुतेक शिळा. पण जिवंत माशाचेच कल्ले चॉकलेटी दिसत असतील तर पाण्यात सांडपाण्याचे नायट्राइट जास्त असण्याची शक्यता. त्याने रक्तातले लोह बिघडते आणि रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. असा मासा घेऊ नका आणि कुठून आणला ते विचारा.

इथे आपल्या घरांशी जोडलेली एक गोष्ट आहे. विदर्भात सिकलसेल आपल्या समाजात किती आहे हे कुणाला नव्याने सांगायचे नाही. १९५८ मध्येच नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर शोधनिबंध लिहिला होता. सिकलसेलच्या तांबड्या पेशीत हीच होरपळ सतत चाललेली असते. बिघडलेले हिमोग्लोबिन जास्त ठिणग्या सोडते आणि ग्लुटाथायोनचा साठा लवकर संपतो. म्हणजे घाणेरड्या पाण्यातला मासा ज्या लढाईत हरतो, तीच लढाई एसएस पॅटर्नचे आपले लेकरू जन्मापासून लढते आहे. त्याच्या ताटात चांगले प्रथिन हवे, आणि त्याच्या पाण्यात नायट्रेट, शिसे नको. दोन्ही गोष्टी एकाच बोडीतून येतात. आणि हो, पोराला चांगले पाणी मागताना बापाच्या गालात खर्रा असेल, तर ती ठिणगी विकत घेऊन तोंडात ठेवलेली आहे. हे बोलले की राग येतो, येऊ द्या.

मेल्यावर मोजण्याचा हा खेळ जगात कुठवर जातो, ते जपानमधल्या मिनामाता गावाने दाखवले. तिथल्या रासायनिक कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी समुद्राच्या खाडीत जात होते. आधी मासे तरंगले. मग कोळ्यांच्या घरातली मांजरे मासे खाऊन झटके येऊन मरू लागली. लोक त्याला 'मांजरांचा नाच' म्हणत. १ मे १९५६ ला माणसांतल्या आजाराची अधिकृत नोंद झाली, आणि कारखान्याचा पाराच त्याला कारण आहे हे सरकारने मान्य केले १९६८ मध्ये. बारा वर्षे. मधल्या काळात आईच्या पोटातच विष लागलेली मुले जन्मली. खाडीचे मासे खाणारी ती सगळी घरे गरीब कोळ्यांची होती. वैनगंगेत मिनामाता होते आहे असे मी म्हणत नाही. नाही हे म्हणायला मात्र कुणीतरी माशात पाहायला हवे.

आपल्या भागात चांगलेही चालले आहे. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायांनी संस्था करून तलावातली बेशरमची झाडे उपटली, तळ नांगरला, मूळच्या पाणवनस्पती लावल्या, आणि गावरान मासे परत आले. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव शेकडो वर्षांचे आहेत. ते राखायला कोटी लागत नाहीत, हात लागतात. मात्र त्या कामात वस्तीचा वाटा असायला हवा. तलाव ढिवरांचा, बांधी पाटलाची, आणि नाला आमच्या दारातून जातो तर आमचे काय, असे म्हणून आपण बाजूला बसतो. पण नाला आपल्या दारातून जातो म्हणूनच पहिला प्रश्न विचारण्याचा हक्क आपला आहे. बहुतेक गावांत वस्ती खालच्या अंगाला वसवली, ती कुणी आणि का, हे आपल्याला माहीत आहे. वरच्या आळीची मोरी खालच्या वस्तीतून बोडीला जाते, आणि बोडीतली मासोळी वस्तीत शिजते.

म्हणून यंदाच्या ग्रामसभेत, १५ ऑगस्टची असो की २ ऑक्टोबरची, तोंडी तक्रार करू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गावात पाणी तपासायला शिकलेल्या बाया असतील तर त्यांना सोबत घ्या. पण त्यांची पेटी पिण्याच्या पाण्यासाठी आहे, कीटकनाशक तिच्यात दिसत नाही, हे अर्जात लिहा. एक मागणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला: आपल्या बोडीच्या आणि नाल्याच्या पाण्याचे अहवाल लोकांच्या भाषेत द्या. मासे जगण्यासाठी लिटरला निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, ही केंद्रीय मंडळाचीच पातळी आहे. तिच्याशी ताडून दाखवा. दुसरी मागणी मत्स्यव्यवसाय खात्याला: वैनगंगेतले आणि गोसीखुर्दमधले मासे वर्षातून दोनदा, फवारणीच्या हंगामानंतर आणि उन्हाळ्यात, विद्यापीठाकडून तपासून घ्या. मांसात शिसे, कॅडमियम, पारा किती, आणि काळजात, कल्ल्यांत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या खुणा किती. विकायच्या माशात या धातूंची मर्यादा अन्नसुरक्षेच्या कायद्याने घातलेली आहे, ती कागदावर ठेवायला घातलेली नाही. नकार आला तर माहितीच्या अधिकारात एवढेच विचारा, की गेल्या पाच वर्षांत माशांचे नमुने किती वेळा तपासले.

वस्तीपुरते एक काम उद्यापासून करता येईल. फवारणीचा पंप बोडीपासून दूर, पडीक जागी धुवा, आणि ते धुवण उरलेल्या धानावरच मारा. मालकाने पाण्याची सोय शेतावर करून द्यावी, ही मजुरी ठरवतानाच अट घाला.

आणि पाण्याचा नमुना घ्यायला माणूस आला तर त्याला पहाटे यायला सांगा, सूर्य वर यायच्या आत. दुपारी बोडीतले शेवाळ उन्हात प्राणवायू सोडत असते, तेव्हा भरलेल्या बाटलीत आकडा चांगलाच येतो. मासा गुदमरतो तो पहाटे चार-पाचच्या सुमाराला, आणि त्या वेळी कार्यालय बंद असते.